ए निळ्या, नाव काय तुझं?

निळं फुलपाखरू म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ब्ल्यू मॉरमॉन. काळ्या मखमलीवर फिक्या निळ्या रंगाचा फराटा मारलेलं, तळहाताएवढं, रुबाबदार. कुणी त्याला राणी पाकोळी म्हणतं, कुणी नीलवंत. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि स्वतःचं अधिकृत फुलपाखरू असणारं आपलं राज्य देशात पहिलं ठरलं. थोडक्यात काय, एकदम हिरो मटेरियल. एंट्रीलाच शिट्ट्या!

हा लेख त्याच्यावर नाही.

हा लेख एका दुसऱ्या निळ्यावर आहे. पंख मिटून बसलं तर ते रुपयाच्या नाण्यात मावेल. उडतं आपल्या घोट्याच्या उंचीवर. आणि राहतं कुठं? तर पार्किंगच्या कडेला, क्रिकेटच्या पिचशेजारी, पाण्याच्या टाकीखाली, बसस्टॉपमागच्या गवतात. कोल्हापुरात ते सगळ्यांना दिसलंय, बघितलंय मात्र फार थोड्यांनी. नाव विचाराल तर उत्तर ठरलेलं : 'बारकं निळं फुलपाखरू.' विषय संपला.

पण गंमत अशी, की 'बारकं निळं' नावाचं एक फुलपाखरू नाहीच. आपल्याकडच्या एखाद्या साध्या मैदानावर एकाच सकाळी तीन-चार वेगवेगळ्या जातींची बारकी निळी भेटू शकतात. सगळी एकमेकांचे ड्युप्लिकेट. कोण कुठलं हे ओळखणं म्हणजे जुळ्या भावंडांच्या घरात पाहुणा म्हणून जाण्यासारखं आहे.

नाद कसा लागला

माझा फुलपाखरांशी संबंध आला त्याचं कारण अगदी अनरोमँटिक आहे : होम लोन. मी एका बँकेत गृहकर्ज विभागात काम करते. कर्ज मंजूर करायच्या आधी जागा बघावी लागते, त्यामुळं आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी पाचगाव, उचगाव, कळंबा, फुलेवाडी असा दौरा असतो. व्हॅल्युअर टेप धरून हद्द मोजत असतो, ग्राहक बायकोला किचन कुठं येणार ते हात करून दाखवत असतो आणि मी उभी असते पोटरीभर तणात, सातबारा हातात धरून. अशा वेळी नजर जाणार कुठं? खाली.

तिथं ही मंडळी दिसायला लागली. आधी टाइमपास म्हणून फोनवर फोटो काढले. मग लक्षात आलं, की जवळपास प्रत्येक एनए प्लॉटवर ती आहेत, पण प्रत्येक ठिकाणी तीच नाहीत. आमच्या ब्रँचमधल्या कॅशियरदादांना फोटो दाखवले, तर ते चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "ह्यात काय बघायचं? समदी सारखीच की!" बस्स, तेवढं वाक्य पुरलं. बँकेत सह्या जुळवायचं काम करणाऱ्या माणसानं 'सगळं सारखंच' म्हणावं म्हणजे काय!

वरून नाही, खालून बघा

ओळख पटवायचा पहिला फंडा : निळ्या रंगाला भुलायचं नाही. फुलपाखरांच्या लायकेनिडी नावाच्या कुळातली ही मंडळी. इंग्रजीत त्यांना सरळ 'ब्लूज' म्हणतात. पण तो निळा म्हणजे भिंतीला लावतो तसला रंग नव्हे. पंखांवरच्या सूक्ष्म खवल्यांची रचनाच अशी असते, की उजेडातला निळा तेवढा परतून आपल्या डोळ्यांत येतो. कोन बदलला की छटा बदलते. त्यातून नर निळा, तर मादी बऱ्याचदा तपकिरी-काळपट, बुडाशी जेमतेम निळी झाक. म्हणजे 'निळ्या' फुलपाखराची बायको निळी नसतेच! आणि पंख मिटले, की दोघंही राखाडी ठिपक्यांची होऊन गवतात गडप.

खरं ओळखपत्र असतं ते या राखाडी बाजूला. मिटलेल्या पंखांचा, एका बाजूनं, नीट फोकस झालेला एक फोटो हा उघड्या पंखांच्या दहा फोटोंपेक्षा मोलाचा. आपली सावली त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही, हळूहळू खाली बसायचं आणि श्वास धरून क्लिक. ऑफिसच्या कपड्यांत हे करताना लोक बघतात. बघू देत.

आता फोटो झूम करा. मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी आहे का? असेल तर तुमच्यासमोर शेंगांवर वाढणारं पी ब्ल्यू किंवा ग्राम ब्ल्यू असेल, नाहीतर चित्रकावरचं झेब्रा ब्ल्यू. या शेपटीवाल्यांची एक भारी ट्रिक आहे. बसल्या बसल्या ते मागचे पंख एकमेकांवर घासतात, शेपट्या हलतात, शेजारी डोळ्यासारखा ठिपका असतोच. पक्ष्याला किंवा सरड्याला वाटतं, डोकं हे इकडं आहे. तो चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, फुलपाखरू वाचतं. शेपटीच्या जागी तुकडा उडालेलं एखादं दिसलं, तर समजायचं की या बहाद्दरानं कुणाला तरी चकवलंय.

शेपटी नसेल आणि अंगावर पांढऱ्या कडीतले काळपट ठिपके असतील, तर बहुतेक आपण 'ग्रास ब्ल्यू' मंडळींच्या घरात शिरलोय. आपल्याकडं भेटणारे मुख्य चार : पेल, डार्क, लेसर आणि टायनी. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मधोमध एक छोटी आडवी रेघ दिसते. त्या रेघेच्या आत, म्हणजे अंगाच्या बाजूला, आणखी एक ठिपका आहे का बघा. असेल तर बहुतेक वेळा ते पेल किंवा डार्क. या दोघांतला फरक पंख उघडल्यावर कळतो : पेलचा नर फिका, चंदेरी निळा, तर डार्कचा नर गडद, जांभळ्याकडं झुकणारा. आतला ठिपका नसेल तर लेसर किंवा टायनी. लेसरच्या मागच्या पंखावर ठिपक्यांची जी कमान असते, तिच्यातला वरून दुसरा ठिपका आत सरकलेला असतो. ग्रुप फोटोत एकजण एक पाऊल मागं उभा राहावा तसा. टायनी नावाप्रमाणंच चिमुकलं. त्याचे पंख अरुंद, आणि पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगत बारीक जादा ठिपके. भारतातल्या सगळ्यांत लहान फुलपाखरांत त्याची गणना होते. त्याच्याइतकंच इवलंसं ग्रास ज्युएलही याच गवतात असतं. पण ते ओळखायला सोपं, मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी कोंदणात बसवलेले चमकणारे काळे मणी.

वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात फुलपाखरू चार सेकंद बसतं, वारा सुटलेला असतो आणि ग्राहक विचारत असतो, "मॅडम, ईएमआय किती बसंल?" शिवाय सीझनचा घोळ आहेच. पावसाळ्यात जन्मलेल्या पेल ग्रास ब्ल्यूच्या ठिपक्यांची शाई गडद असते, नराची काळी किनार रुंद. उन्हाळ्यातला भाऊ फिका, ठिपके पुसट. गणपतीत काढलेला फोटो आणि शिमग्यात काढलेला फोटो शेजारी ठेवले, तर शपथेवर वेगळी जात वाटेल.

आधी पत्ता, मग नाव

म्हणून दुसरा फंडा, आणि माझ्या मते हाच खरा. फुलपाखरू ओळखता येत नसेल, तर ते कुठल्या झाडाशी घुटमळतंय ते बघा. फुलावरचं नव्हे हं, फुलावर कुणीही मध प्यायला येतं. एकदांडीच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलावर तर चारही ग्रास ब्ल्यू एकाच टपरीवर चहाला आल्यासारखे जमतात. बघायची ती मादी. ती पानापानावर टेकत, पोट वाकवून खाली काहीतरी चिकटवत फिरत असेल, तर ते झाड म्हणजे तिचं बाळंतघर. आणि या बाबतीत ही मंडळी भयंकर चोखंदळ आहेत.

लेसरला शेंगवर्गातली बारकी झुडपं लागतात, लाजाळूही चालतं. डार्कच्या अळ्या माठावर, सराट्यावर. टायनीला कोरांटी-अडुळशाच्या कुळातल्या बारक्या झाडांच्या कळ्या हव्यात. आणि पेल ग्रास ब्ल्यूचं सगळं आयुष्य एका झाडाभोवती फिरतं : आंबुशी.

या आंबुशीचा पत्ता मला माझ्या आज्जीनं दिला. मी फोनवर तिला तीन पाकळ्यांसारख्या पानांचं, बारक्या पिवळ्या फुलांचं ते तण दाखवलं, तर ती हसायलाच लागली. "आगं, ही तर आंबुशी! आमी शाळंत जाताना ह्यो पाला चघळत जायाचो. आंबट लागतोय बघ." मी तिला सांगितलं, की निळ्या फुलपाखराच्या अळ्या हेच खातात. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग त्यास्नीबी आंबट आवडत आसंल." विज्ञानाच्या दृष्टीनं वाक्य अगदीच वाईट नाही.

आंबुशीच्या पानाखाली मादी एकेक अंडं ठेवते. अळी हिरवी, पानाच्या रंगाची, शोधून सापडत नाही. तिला शोधायची युक्ती म्हणजे मुंग्या शोधायच्या. ब्लूज कुळातल्या बऱ्याच अळ्यांच्या पाठीवर एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड थेंब पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीभोवती पहारा देतात. सरळसरळ सिक्युरिटी काँट्रॅक्ट! अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास अनुकूल हवामानात साधारण महिन्याभरात उरकतो. म्हणजे एका हप्त्यापासून दुसऱ्या हप्त्यापर्यंत एक पिढी.

तुम्ही म्हणाल, आमच्या ऑफिसात कुठली आंबुशी! पण रिसेप्शनच्या दाराशी दोन मोठ्या कुंड्यांत काटेरी पानांचा सायकस आहे का? असणारच, इंटिरियरवाल्यांचा लाडका आहे तो. पावसात त्याला कोवळ्या पानांचा तुरा फुटला, की प्लेन्स क्युपिड नावाचं निळं येऊन त्यावर अंडी घालतं. अळ्या तो तुरा फस्त करतात, माळीकाका फवारा मारतात. शोभेच्या सायकसच्या रोपांबरोबर प्रवास करत हे फुलपाखरू पार इजिप्त आणि मॉरिशसपर्यंत पोचलंय. त्याचं शास्त्रीय नाव ल्युथ्रोडेस पांडवा. विमानाचं तिकीट न काढता परदेशी गेलेला आपला पांडव!

तीच आंबुशी, तेच निळं, फुकुशिमा

आपल्या पेल ग्रास ब्ल्यूला जपानमध्ये 'यामातो शिजिमी' म्हणतात. शिजिमी म्हणजे बारका शिंपला. उघडलेले पंख शिंपल्यासारखे दिसतात म्हणून. तिथंही ते शहरातच राहतं, फुटपाथच्या फटीतल्या आंबुशीवर. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला. किरणोत्साराचा जिवंत प्राण्यांवर काय परिणाम होतो हे तपासायला ओकिनावाच्या र्‍युक्यू विद्यापीठातल्या जोजी ओताकी यांच्या टीमनं कुणाला निवडलं असेल? वाघ-सिंह नव्हे, या बारक्याला. कारण सोपं होतं. माणसं राहतात तिथं ते राहतं, एकाच झाडावर वाढतं आणि जन्मलं त्या जागेपासून फार लांब जात नाही. म्हणजे त्याच्या अंगावर जे दिसेल, ते त्या जागेचंच रिपोर्ट कार्ड.

ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. काहींचे पंख खुरटलेले, डोळे दबलेले, ठिपक्यांची रांग विस्कटलेली, आणि पुढच्या पिढीत हे प्रमाण वाढलेलं, असं त्यांनी नोंदवलं. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच उलटसुलट चर्चा झाली. पण माझ्या डोक्यात राहिली ती 'फार लांब जात नाही' ही ओळ. कारण मी रोज ज्या फाइली बघते त्यांचा या ओळीशी थेट संबंध आहे.

कुंपण घातलं आणि घात झाला

त्या फाइलींकडं येण्याआधी जरा इंग्लंडात जाऊन येऊ. तिथं लार्ज ब्ल्यू नावाचं निळं होतं. संग्राहक ते पकडून नेतात म्हणून १९३० च्या दशकात त्याच्या एका जागेला कुंपण घातलं. माणसं थांबली, पण चरणारी जनावरंही थांबली. पुढं रोगानं ससे मेले आणि इतर ठिकाणीही गवत उंच वाढलं. १९७९ मध्ये लार्ज ब्ल्यू इंग्लंडातून नामशेष झालं. जेरेमी थॉमस नावाच्या संशोधकानं वर्षानुवर्षं गवतात बसून कारण शोधलं, ते असं : या फुलपाखराची अळी एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढते, आणि ती मुंगी ऊन थेट जमिनीला लागेल इतक्या खुरट्या गवतातच टिकते. गवत वाढलं, जमीन गार पडली, मुंगी गेली, फुलपाखरू गेलं. मग १९८० च्या दशकात स्वीडनहून फुलपाखरं आणली, गुरं पुन्हा चरायला सोडली आणि ते परत आलं.

हे वाचल्यावर मला आपलं गायरान आठवलं. कोल्हापूरची म्हैस जगप्रसिद्ध आहे ती दुधासाठी. पण पेठेतून निघून दिवसभर मोकळ्या जागेत चरणारी म्हैस आणखी एक काम फुकटात करते : गवत घोट्याएवढं ठेवते. आंबुशी, लाजाळू, माठ, सराटा, एकदांडी ही सगळी बुटकी मंडळी. उंच गवताच्या सावलीत ती दबून जातात. या निळ्यांचं घर म्हणजे घनदाट जंगल नव्हे, सजवलेली बागही नव्हे. चरलेलं, तुडवलेलं, ऊन लागणारं, जरा दुर्लक्षित मैदान, हे त्यांचं घर.

राधानगरीला जरूर जा. ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि ब्ल्यू मॉरमॉनला भेटायचं तर त्याच बाजूला जायला हवं. ते जंगल राखायला कायदा आहे, वनखातं आहे. आंबुशीच्या मैदानाला यातलं काही नाही. सरकारी कागदावर त्याचं नाव 'पड' किंवा 'एनए', आणि सोसायटीच्या भाषेत 'घाण'.

आमच्याच अपार्टमेंटचं बघा ना. मागच्या मोकळ्या पट्ट्यात पेव्हिंग ब्लॉक बसवायचा विषय मीटिंगला आला. मी उभं राहून सांगितलं, की तिथं फुलपाखरं आहेत. चेअरमनकाका प्रेमानंच म्हणाले, "आगं पोरी, तण हाय ते. उद्या साप आला तर फुलपाखरू येनार हाय का सोडवायला?" सभा हसली, ठराव पास. ब्लॉक बसले. टाकीखालचा चार फुटांचा तुकडा तेवढा उरला. फुलपाखरांमुळं नव्हे, काँट्रॅक्टरचे ब्लॉक संपले म्हणून. त्या तुकड्यात आज आंबुशी आहे, आणि सकाळी नऊच्या उन्हात दोन-तीन पेल ग्रास ब्ल्यूही असतात.

निळी रेषा, निळी फुलपाखरं

आता बँकेकडं येते. कोल्हापुरात जागा घेणाऱ्याला दोन रेषा पाठ असतात, निळी आणि लाल. पंचगंगेच्या काठानं आखलेल्या या पूररेषा. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतली फाइल आली, की आम्ही कर्ज नाकारतो. बँकेच्या भाषेत रिजेक्ट, पण फुलपाखरांच्या भाषेत पझेशन! तिथं बांधकाम होत नाही, म्हशी चरतात, गवत बुटकं राहतं. मला वाटायचं, चला, शहर कितीही वाढू दे, निळ्या रेषेच्या आत निळे सेफ आहेत.

पण निसर्ग कॅलेंडर बघून चालत नाही. ऑगस्ट २०१९ आणि मग जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोन वर्षांत दोन महापूर. नदीकाठची मैदानं दिवसेंदिवस पाण्याखाली. तिथली अंडी, अळ्या, कोष यांचं काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आंबुशी परत येते. गाळावर सगळ्यांत आधी उगवतं ते तणच. पण आंबुशी आली म्हणून फुलपाखरू आपोआप येत नाही, ते कुठून तरी उडत यावं लागतं. आणि घोट्याच्या उंचीवर उडणारं, जन्मगाव न सोडणारं हे फुलपाखरू किती लांबून येणार? त्याला जवळच, पाणी न पोचलेल्या उंचावर, एखादं जिवंत मैदान लागणार. तिथून या प्लॉटवरून त्या प्लॉटवर, एकेक पिढी पुढं सरकत, ते परत काठाशी पोचणार.

आणि उंचावरची, पाणी न येणारी मोकळी मैदानं म्हणजे नेमकं काय? बँकेच्या दृष्टीनं सगळ्यांत क्लिअर फाइल. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा. पूररेषेच्या बाहेर, टायटल क्लीन, एनए झालेला, सहा मीटर रस्ता. दोन महापुरांनंतर तर अशा प्लॉटांना भलतीच मागणी. जिनं खाली घरात गाळ उपसलाय, ती बाई उंचावर घर मागणारच, आणि तिला ते मिळायलाच हवं. तिच्या फाइलवर सही करताना माझा हात जराही अडखळत नाही. पण बाईंनी सोडलेल्या काठावर निळे परत यायचे असतील, तर ते येणार होते याच प्लॉटवरून. हा हिशेब कुठल्याच फाइलमध्ये बसत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हे एकदा घडून गेलंय. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सिस ब्ल्यू नावाचं निळं राहायचं. टेकड्यांवर शहर वाढत गेलं आणि १९४० च्या दशकात ते शेवटचं दिसलं. ते स्वतंत्र जातीचंच होतं, यावर म्युझियममधल्या नमुन्याच्या डीएनएनं शिक्कामोर्तब केलं ते थेट २०२१ मध्ये. म्हणजे ओळख पक्की व्हायला ऐंशी वर्षं लागली, तोवर ओळखायला कुणी उरलं नव्हतं. आपलं पेल ग्रास ब्ल्यू इतकं दुर्मीळ नाही, ते भारतभर आहे. पण एखाद्या गावातून, एखाद्या पेठेतून ते नाहीसं झालं, तर त्याची नोंद कोण करणार?

म्हणून मी नोंद ठेवते. तारीख, जागा, झाड, आणि जमलं तर नाव. कृष्णमेघ कुंटे यांचं दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं २००० सालचं पुस्तक आणि मिलिंद भाकरे व हेमंत ओगले यांचं पश्चिम घाटावरचं २०१८ मधलं पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये लोन अॅप्लिकेशनच्या फॉर्मखाली असतं. तुम्हालाही करायचं असेल तर पाऊस उघडल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस बेस्ट. सकाळी ऊन जरा तापलं, की ती पंख पसरून शेकत बसतात. साडेदहानंतर मात्र फोकसला सापडत नाहीत. कॅमेरा नको, फोन पुरतो. विद्यापीठाच्या रस्त्याकडेला बघा, रंकाळ्याच्या काठानं बघा, नाहीतर सरळ आपल्या पार्किंगमध्ये.

माझ्या फोनमध्ये 'ग्रास ब्ल्यू?' नावाचं एक फोल्डर आहे. ज्यांचं नाव लागलं नाही असे फोटो त्यात टाकते. कुणाचा पंख झिजलेला, कुणाचे ठिपके पुसलेले. गेल्या गुरुवारी त्यात एक नवीन भर पडली. मोरेवाडीच्या बाजूचा प्लॉट, तीन गुंठे, पूर्वाभिमुख. मादी असावी, तपकिरी, बुडाशी निळी झाक. आतला ठिपका आहे की नाही, ते नेमकं गवताच्या पात्याआड गेलंय. ती पोट वाकवून कशावर तरी टेकत होती, पण तेवढ्यात व्हॅल्युअरचं बूट तिथं पडलं आणि ती उडाली. फाइल सोमवारी सँक्शनला आहे. रविवारी सकाळी जाऊन ते झाड कुठलं, एवढं तरी बघून येते.